चपलेवर नाव कुणाचं?

२२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं पुरुषांचे पुढच्या उन्हाळ्याचे कपडे दाखवले. कपड्यांबद्दल कोल्हापुरात कुणी फारसं बोललं नाही. मॉडेलांच्या पायांत जे होतं, त्यानं मात्र गाव पेटलं. अंगठा, पट्टा, वेणी, सपाट तळ, सगळं ओळखीचं. कंपनीनं त्याला नुसतं ‘चामड्याचे सँडल’ म्हटलं होतं. कोल्हापूरचा उल्लेख नाही, भारताचाही नाही.

पुढच्या सहा महिन्यांत जे घडलं त्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींमागची तळमळ खरी आहे. त्या समोरासमोर याव्यात म्हणून या लेखापुरते एक मामा आणि एक भाची कल्पिली आहे. मामा कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपला करतात. वडिलांनी हातात रापी दिली तेव्हापासून त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. भाची वकील आहे. बौद्धिक संपदा हा तिचा विषय, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून तिच्या मुंबईच्या खेपा कमी झाल्या आहेत. ही दोन माणसं आणि त्यांचं घर कल्पित आहे, ज्यावर ती भांडतात ते सगळं खरं.

“मामा, एवढंच सांगा, ही चोरी आहे की नाही?”

मामा तळाच्या चामड्याची कड रापीनं सारखी करत होते. “चोरी झाली की वस्तू घरातनं जाते. माझी चप्पल तर हितंच हाय. गेलं काय, ते तू सांग.”

“नाव गेलं.”

“मग नाव घ्या म्हणायचं. चोरी कशाला म्हणायची?”

हा फरक शब्दांपुरता नाही. भाचीला ते ठाऊक आहे, कारण कायदा नेमका याच जागी उभा आहे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. त्यासाठीचा कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ मध्ये. मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचं मिळून आहे: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, असे आठ जिल्हे. या जिल्ह्यांबाहेर केलेल्या चपलेला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. पण हे रक्षण नावाचं आहे. वेणी कशी घालायची, कान कुठं लावायचे, यावर या कायद्यानं कुणाची मालकी येत नाही.

मग डिझाइनचा कायदा? तो २००० चा आहे आणि नव्या घडणीला दहा वर्षं, वाढवून आणखी पाच वर्षं संरक्षण देतो. अट एकच, घडण नवी हवी. जी आपल्या खापरपणज्याच्या पायात होती ती नवी कशी ठरेल? पेटंटचा कायदा तर पारंपरिक ज्ञानाला शोध मानतच नाही.

“म्हंजे वेणी कुणाचीच न्हाई,” मामा म्हणाले.

“सगळ्यांची आहे.”

“कोर्टात सगळ्यांची म्हंजे कुणाचीच न्हाई.”

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की प्राडानं त्या सँडलला ‘कोल्हापुरी’ म्हटलं असतं, तर निदान भारतात कायद्याचा प्रश्न उभा राहिला असता. नाव घेतलं नाही म्हणून लोक दुखावले आणि नाव घेतलं नाही म्हणूनच कंपनी मोकळी राहिली. शिवाय भारतातली नोंदणी भारतापुरती. युरोपीय संघानं हस्तकलेच्या आणि कारखानदारीच्या वस्तूंसाठी अशी नोंदणी १ डिसेंबर २०२५ पासून खुली केली. त्याआधी संपूर्ण युरोपभर चालेल असं संरक्षण तिथं दारू आणि शेतमालालाच होतं, चपलेला नव्हतं.

जुलैमध्ये काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. प्राडानं माफी मागावी, कारागिरांना भरपाई द्यावी, अशी मागणी होती. मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठानं १६ जुलैला ती फेटाळली. नावाचे नोंदणीकृत मालक न्यायालयात येऊ शकतात, तुम्ही कोण, असा त्या निकालाचा रोख होता. आता हे मालक म्हणजे दोन सरकारी महामंडळं: महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचं महामंडळ.

“बघ की,” मामा हसले. “चाळीस वर्सं मी कोल्हापुरी करतोय. आनि कोल्हापुरीचा मालक मुंबईत आनि बेंगळुरात बसलाय.”

मामांचा खरा मुद्दा मात्र याहून जुना आहे आणि तो सहज बाजूला सारता येत नाही. त्यांच्या मते कोल्हापूर नक्कल करतच मोठं झालं. कानवाल्या चपलेची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या सौदागर कुटुंबानं जाड, बोजड चपलेऐवजी पातळ, दोन्ही बाजूंना कान असलेली चप्पल काढली, ती मुंबईच्या एका दुकानदाराकडे गेली, खपली आणि मागणी वाढली, असं सांगतात. मग शेजाऱ्यांनी ती बघून केली. शेजाऱ्यांचं बघून पुढच्या गल्लीनं केली.

“त्येंनी तवा त्या कानांची नोंद केली असती तर?” मामांनी विचारलं. “तवा कायदा व्हता का?”

“होता. १९११ चा. जास्तीत जास्त पंधरा वर्षं मिळाली असती.”

“म्हंजे पंधरा वर्सं एका घरानं खाल्लं असतं आनि बाकीचं गाव बघत बसलं असतं. मग कोल्हापुरी झाली असती का तिची? त्या घराची चप्पल म्हणून ऱ्हायली असती.”

आणि त्यांनी बाबूराव पेंटरांचं नाव काढलं. कोल्हापुरात हे नाव काढलं की समोरच्याला थांबावंच लागतं. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, तो विलायतेतून येणार, पैसा नाही. बाबूरावांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन, परदेशी यंत्राची रचना समजून घेऊन, कॅमेरा इथंच घडवला. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल याच कंपनीत तयार झाले आणि पुढं ‘प्रभात’ निघाली. पुढं उद्यमनगरात नमुना समोर ठेवून इंजिनाचे भाग ओतणाऱ्या आणि कातणाऱ्या कारागिरांची फळीच तयार झाली. यातल्या कुणी परवानगीचं पत्र पाठवून उत्तराची वाट पाहिली असती, तर आजचं कोल्हापूर वेगळं असतं.

भाचीनं हे खोडून काढलं नाही. तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं.

“शेजाऱ्यानं केलेली नक्कल आणि मिलाननं केलेली नक्कल एकच कशी? शेजारी त्याच पेठेत बसतो. तुम्ही त्याच्याकडून शिकता, तो तुमच्याकडून. त्याच्या चपलेवरही कोल्हापूरच लिहिलेलं असतं. बाबूरावांनी कॅमेरा केला म्हणून विलायतेच्या कारखान्याचं नाव पुसलं गेलं का? इथं ज्याच्याकडे दुकानं आहेत, जाहिरात आहे, वकिलांची फौज आहे, त्यानं ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं घेतलं. वर कुणाचं घेतलं ते सांगितलंही नाही.”

तिनं त्याच वर्षातलं दुसरं उदाहरण दिलं. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या यालालाग गावी चामड्याच्या पट्ट्यांचं पारंपरिक पादत्राण विणतात. अडिडासनं एका डिझायनरबरोबर केलेल्या बुटात त्याची घडण उचलली. मेक्सिकोनं आदिवासी समाजांच्या सांस्कृतिक वारशासाठी २०२२ मध्येच स्वतंत्र कायदा केलेला आहे. तिथलं सरकार गावाच्या मागं उभं राहिलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीच्या प्रतिनिधींनी त्या गावात जाऊन जाहीर माफी मागितली. वारसा समाजाचा मानायचा की एखाद्या महामंडळाचा, हे कायदा ठरवतो आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं, असं तिचं म्हणणं.

“आणि हळद विसरलात काय?” ती म्हणाली. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं जुने ग्रंथ आणि छापील पुरावे पुढं केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं संगणकीय ग्रंथालय उभं राहिलं, ते अशा पेटंटांना आधीच अडवावं म्हणून.

“लई चांगलं केलं माशेलकरांनी,” मामा मनापासून म्हणाले. “पण सांगलीच्या हळदीवाल्याला त्या वर्सी दर वाढवून मिळाला का? बाहेरच्याला हक्क मिळू दिला न्हाई, हे झालं. घरच्याला काय मिळालं, हे येगळं.”

इथं मामांचं पारडं जड आहे, असं या लेखकाला वाटतं. कोल्हापुरीच्या कारागिराची अडचण मिलानपासून सुरू होत नाही, कातड्यापासून सुरू होते. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याची. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून, तीत सालीचं पाणी भरून ती टांगून ठेवत. पाणी झिरपत राही, पुन्हा भरावं लागे. या कामाला महिना सहज जातो, तर रासायनिक कमावणीला काही दिवस. तळ म्हशीच्या कातड्याचा, वेणीला शेळीचं मऊ कातडं, आणि शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली, कातड्याची ने-आण धास्तीची झाली आणि कच्चा माल महागला. गावोगावचे कमावणीचे हौद तर आधीच कमी होत चालले होते. दुसरीकडे रेक्झिनची, यंत्रावर कापलेली, डिंकानं चिकटवलेली ‘कोल्हापुरी’ देशभरच्या फुटपाथवर मिळते. ती करणारे प्राडाइतके श्रीमंत नाहीत, पण मामांच्या पोटावर रोजचा पाय त्यांचाच आहे. त्यांच्याविरुद्ध जून २०२५ आधी कितीजणांनी मोर्चे काढले?

“त्यांच्यावर मानांकनाचा कायदा सरळ लागू होतो,” भाची म्हणाली. “ते तर नावच वापरतात.”

“मग लावा की!”

भाची गप्प बसली, कारण पुढचं बोलणं तिलाच अवघड आहे. या कायद्यात ‘उत्पादक’ कोण याची व्याख्या आहे. हस्तकलेच्या बाबतीत वस्तू बनवणारा तो उत्पादक, आणि त्याच व्याख्येत त्या वस्तूचा व्यापार करणाराही येतो. म्हणजे रापी धरणारा आणि गल्ल्यावर बसणारा कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत आहेत. त्यातला कागद वाचता येणारा, चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाशी पत्रव्यवहार करू शकणारा कोण, हे सांगायला नको. व्यापाऱ्याशिवाय चप्पल पेठेबाहेर जात नाही हे खरंच, पण ज्या हक्काचा डंका कारागिराच्या नावानं वाजतो, त्यात कारागीर शेवटी उभा असेल तर तो कायदा अर्धाच आहे. ही व्याख्या बदलायला हवी. त्यासाठी मिलानची वाट पाहण्याची गरज नव्हती.

मामांनी ही व्याख्या तिच्याकडून दोनदा वाचून घेतली. आपण जे म्हणत होतो ते छापलेलंच आहे, याचं त्यांना समाधान वाटलं नाही, राग आला.

“तरीही,” भाची म्हणाली, “वाट आहे. महामंडळ मालक असलं तरी तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवू शकता. मग नावाचा गैरवापर झाला तर तुम्हीही दावा लावू शकता, मुंबईकडे बघत बसायचं नाही. २०२० मध्ये नियम बदलले, पूर्वी पाचशे रुपये फी होती, आता दहा.”

“धा रुपये?”

“दहा.”

“मग आजवर सांगितलं का न्हाई कुणी?”

याचं उत्तर भाचीजवळ नव्हतं, आणि ज्यांच्याजवळ असायला हवं ते या घरात नव्हते.

क्यूआर कोडचा विषय निघाला तेव्हा दोघांची बाजू काही वेळ उलटी झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या महामंडळानं जाहीर केलं की अस्सल कोल्हापुरीच्या जोडावर क्यूआर कोड असेल. मोबाइल धरला की चप्पल कुणी केली, कुठं केली, कशी केली आणि मानांकनाची स्थिती काय, ते दिसेल. मामांना हे आवडलं. आजवर चपलेवर दुकानाचा शिक्का असायचा. करणाऱ्याचं नाव गिऱ्हाइकाच्या हातात पोचेल, असं पहिल्यांदाच होणार होतं. शंका आली ती वकिलाला.

“कोड म्हणजे शेवटी एक चित्र. फोटो काढला, छापला, रेक्झिनच्या चपलेवर चिकटवला, झालं. प्रत्येक जोडाला वेगळा कोड हवा. एकच कोड एका दिवशी पुण्यात, दिल्लीत आणि इंदूरला वाचला गेला, तर यंत्रणेला तो खोटा आहे हे कळायला हवं. आणि कळल्यावर कुणीतरी तिथं जायला हवं.”

“जायला मानूस लागतो,” मामा म्हणाले. “मोबाइल जात न्हाई.”

यावर दोघांचं एकमत झालं. त्या संध्याकाळी असं क्वचितच झालं.

प्राडाचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं, कारण त्यावर दोघंही आपापला विजय सांगतात. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं. सामाजिक जबाबदारीचं काम पाहणारे लोरेन्झो बेर्तेल्ली यांचं उत्तर आलं. हे सँडल शतकांचा वारसा असलेल्या भारतीय हस्तनिर्मित पादत्राणांवरून सुचल्याचं त्यांनी मान्य केलं. जुलैमध्ये कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. ११ डिसेंबरला मुंबईत दोन्ही महामंडळांबरोबर करार झाला: २,००० जोड महाराष्ट्रात आणि कर्नाटकात करून घ्यायचे, फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. शिवाय कारागिरांसाठी प्रशिक्षण.

“खटला न जिंकता हे मिळालं,” मामा म्हणाले. “लोक ओरडले म्हणून मिळालं. तुझ्या कायद्यानं न्हाई.”

“लोक ओरडले कशाच्या जोरावर? ‘आमचं मानांकन आहे’ हेच प्रत्येकजण म्हणत होता. नुसतं ‘आमचं आहे’ म्हटलं असतं तर इटलीतून उत्तर आलं असतं? आणि करार कुणाशी झाला? ज्यांच्या नावावर नोंद आहे त्यांच्याशीच.”

मामांनी वेणीचं टोक दाताखाली धरलं, ताणलं आणि मग बोलले. “दोन हजार जोड. हितं किती, अथणीत किती? आनि ऐंशी हजारांतलं करणाऱ्याला किती?”

अथणीचा प्रश्न त्यांनी रागानं विचारला नव्हता. जूनमधल्या वादातच कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी बजावलं होतं की ही चप्पल करणारे हात अथणी, निपाणी, चिकोडी, रायबागकडेही मोठ्या संख्येनं आहेत. ते खरंच आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच समाजाची, एकमेकांत सोयरीक असलेली माणसं हे काम करतात. मामांची सख्खी बहीण निपाणीला दिलेली. नाव कोल्हापूरचं, कारण ही चप्पल कोल्हापूरच्या पेठेतून विकली गेली. कापशी, कुरुंदवाड ही गावंही चपलांच्या प्रकारांच्या नावांत उरली आहेत. सीमाप्रश्नावर दोन सरकारं किती वर्षं भांडली, पण चपलेच्या नावावर त्यांनी एकत्र सही केली, हे भाचीला फार मोलाचं वाटतं. तिच्या बोलण्यात ते पुन्हा पुन्हा येतं आणि यायलाच हवं.

ऐंशी हजारांतल्या वाट्याचा प्रश्न मात्र तिनं टाळला नाही. “हे महामंडळाला लेखी विचारायचं. एकट्यानं नाही, सुभाषनगरच्या सगळ्यांनी. ते मालक आहेत ते तुमच्या वतीनं, स्वतःसाठी नाहीत. आणि विचारणाऱ्यांची नावं वापरकर्ते म्हणून नोंदलेली असली तर उत्तर द्यावंच लागेल.”

“मग भर माझा फॉर्म,” मामा म्हणाले.

“आणि वेणी?” भाचीनं विचारलं.

वेणी मामी घालतात. सुभाषनगरात काय आणि अथणीत काय, तळ कापणं, ठोकणं पुरुषांकडं आणि वेणी, गोंडे, बारीक शिवण बहुतेक घरांत बायांकडं. गिऱ्हाईक चपलेचा जो भाग बघून हात पुढं करतं, तो मामींच्या बोटांतला. कोडवर नाव येणार ते एकाचं.

“माझं घाल, तिचं घाल, एकच की,” मामा म्हणाले.

“एक नाही,” मामी आतून म्हणाल्या. “दोन फॉर्म आण गं. वीसच रुपये.”

भाचीनं कागद पुढं ओढला. फॉर्मसोबत आपण हा माल करतो याचा काही पुरावा जोडलेला बरा. मामांकडं जुन्या पावत्या आहेत, केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाचं पहचान कार्ड आहे. मामींच्या नावावर पावती नाही, कार्डही नाही.

“कार्ड तिचं काढलंच न्हाई कधी,” मामा म्हणाले.

“मग आधी ते काढू. आधार आणि दोन फोटो लागतील. मामी, शनिवारी वेळ आहे?”

“शनिवारी न्हाई. शनिवारी तीस जोड द्यायचे हाईत. सोमवारी ये.”